आधीच दाबलेलं

देवास, सोमवार, २४ मार्च २००३. नळ उशिरा आला. आज शेजारच्या भूपेंद्र शितोळेचा निकाल.

भूपेंद्र कारखान्यातल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या टेपा सांभाळतो. यंदा टेपांऐवजी डिस्कचं कपाट आलं. कॉम्प्युटरला ते टेपच वाटतं, आणि आत माहिती दाबून एक-तृतीयांश जागेत बसते. निदान बसायला हवी होती, पण कपाट महिन्यातच भरत आलं. "सोमवारपर्यंत कारण शोध, नाहीतर बदली," साहेबांनी बजावलं.

शनिवारी मी रजया ट्रंकेत भरत होते. झाकण लागेना.

"काकू, मी वर बसू?" दारातून भूपेंद्रने विचारलं.

"बस. पण दोरीने आधीच आवळल्यात, आणखी काय दबणार?"

तो बसला, तरी झाकण लागेना. मग म्हणाला, "गाढवपणा माझाच." टेपा वाचवायच्या जुन्या सवयीने माहिती पाठवण्याआधी तोच ती दाबून घेत होता. आधीच दाबलेली माहिती कपाट पुन्हा कशी दाबणार?

आज त्याने साहेबांना स्वतःची चूक सांगितली आणि ते आधीचं दाबणं बंद केलं. साहेब हसले. "चलो भिया, अब उसे अपना काम करने दो." बदली टळली.

संध्याकाळी एक रजई बाहेर काढली, तेव्हा झाकण लागलं. कडुलिंबाचा पाला घातला.