बेसवाल्याला माईक नसतो

रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तेव्हा बाबांच्या ऑफिसात खुर्च्या कमी पडायला लागल्या. भोपाळहून माणसं आली, त्यांच्या मागोमाग फायली आल्या, आणि गावात रोज कशाचं तरी उद्घाटन व्हायला लागलं. शोरूम, बँकेच्या शाखा, नवीन हॉटेलं, लग्नाची लॉन. प्रत्येकाला स्टेजवर गाणारं कोणीतरी हवं असायचं. आमच्यासारख्या चार पोरांच्या बँडला त्यामुळे कामं मिळाली. एरवी आम्ही तात्यापाऱ्यातल्या आमच्या गच्चीवर शेजाऱ्यांच्या शिव्या खात बसलो असतो.

गायचा तो माझा मित्र. चौबे कॉलनीत राहायचा. वडील रेल्वेत होते, ते लवकर गेले. घरी आई आणि मोठी बहीण. आई मूळची गोंदियाकडची. ती वऱ्हाडीत बोलायची आणि तो तिला हिंदीत उत्तर द्यायचा, दोघांनाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. गाता गाता तो गिटारही वाजवायचा. ड्रम्सवाला भिलाईचा होता, कीबोर्डवाला कॉलेजातला. मी बेस वाजवायचो. बेस मी हौसेनं निवडला असं नाही. गिटारवाले गावात खूप होते, बेसवाला नव्हता.

बेस म्हणजे खालच्या सुरांचं, चार तारांचं गिटार, पण लोकांना ते माहीतच नसायचं. साउंडवाले विचारायचे, ‘भैया, इसमें दो तार कम कैसे हैं?’ सुरुवातीला मी कीबोर्डच्या अ‍ॅम्पमधून वाजवायचो. पहिल्याच लग्नात त्याच्या स्पीकरचा कागद फाटला आणि उरलेला कार्यक्रमभर नुसती फडफड ऐकू येत राहिली. मग जुना, दणकट, खास बेसचा अ‍ॅम्प घ्यायचं ठरलं आणि आम्ही दोघं नागपूरला गेलो.

दुकान छोटं होतं. मी एकेक अ‍ॅम्प लावून वाजवायचो आणि तो लांब फुटपाथवर जाऊन उभा राहायचा. दुकानदाराला वाटलं, याला गाण्यात रस नाही. पण तो बरोबर करत होता. बेसचा आवाज जवळ कळत नाही, लांब गेल्यावर कळतो. खोलीत छाती हलवणारा अ‍ॅम्प उघड्या मैदानात कुठल्या कुठे विरून जातो. मला एक चकचकीत, हलका अ‍ॅम्प आवडला होता. त्याने बाहेरूनच मान हलवली. शेवटी पंधरा इंची स्पीकरचा एक काळा, कोपरे झिजलेला डबा लावला, तेव्हा तो आत आला आणि म्हणाला, ‘यही. बाहर तक पाँव में आ रहा है.’ तो डबा दोघांनी मिळून उचलून स्टेशनावर आणला. त्याचं वजन असं होतं की गाडीत बसल्यावर आमचे दोघांचेही हात थरथरत होते आणि आम्ही त्यावरून हसत होतो.

पुढची काही वर्षं आमची बरी गेली. त्या काळात मी शिकलो ते असं: केबल जाड घ्यायची आणि स्वतःचीच न्यायची. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवायचा, टेबलावर नाही. हॉलमध्ये खालचे सूर कमी करायचे, मैदानात मधले वाढवायचे. जुन्या तारा लगेच बदलायच्या नाहीत, त्यांचा आवाज मऊ होतो. विजेबद्दल मात्र मी काही शिकलो नाही, कारण वीज हे आमचं काम नव्हतं, मांडव घालणाऱ्या टेंटवाल्याचं होतं.

टेंटवाल्याची वीज सगळीकडे एकसारखीच असायची. वायरचं टोक सोलायचं, सॉकेटच्या भोकात खुपसायचं आणि निघू नये म्हणून काडेपेटीची काडी ठोकायची. भोकं तीन असली तरी तारा दोनच. तिसरी, जमिनीची, कापून मागे दुमडलेली असायची. माईकला ओठ लागला की झिणझिण्या यायच्या. सगळ्या गाणाऱ्यांना ते माहीत होतं. डास चावावा तसं ते होतं, त्याबद्दल कोणी तक्रार करायचं नाही. माझा मित्र माईकवर स्पंजची टोपी लावायचा आणि गायचा.

तो कार्यक्रम तेलीबांध्याकडे एका मोकळ्या मैदानात होता, कसल्या तरी संस्थेचा, मोठे पाहुणे येणार होते. आम्ही दुपारीच गेलो. आदल्या संध्याकाळी अवकाळी पाऊस पडून गेला होता. स्टेजवर अंथरलेली सतरंजी ओली होती. पाय ठेवला की खालून पाणी यायचं. त्याला नवे बूट चावत होते म्हणून त्याने ते काढून बाजूला ठेवले. साउंडचा मिक्सर आणि माईक जनरेटरवर होते. तिथे आमच्या अ‍ॅम्पना जागा उरली नाही, म्हणून टेंटच्या माणसाने मैदानाच्या पंपघरातून एक लांब वायर ओढून आणली आणि माझा व त्याचा अ‍ॅम्प तिच्यावर लावला. स्पंजची टोपी त्या दिवशी घरी राहिली होती.

मी तारा जुळवत होतो. त्याने गिटार गळ्यात घातलं, दोन-तीन कॉर्ड वाजवले, माझ्याकडे पाहून बेस थोडा कमी कर अशी हाताने खूण केली. मी खाली वाकून बटण फिरवलं. तो माईककडे गेला.

स्पीकरमधून घरघर आली. मी वर पाहिलं तर तो माईकला चिकटून उभा होता. डावा हात गिटारच्या मानेवर आवळलेला, उजवा माईकच्या दांड्यावर. तोंड उघडं होतं पण आवाज येत नव्हता. ड्रम्सवाल्याला माझ्या आधी कळलं. त्याने बसायचं लाकडी स्टूल उचललं आणि माईकच्या स्टँडवर फेकलं. स्टँड पडला, त्याच्या मागोमाग तोही पडला. मी पंपघराकडे धावलो आणि ती वायर ओढून काढली. त्या सॉकेटमधल्या काड्या माझ्या पायाशी पडल्या, ते मला अजून दिसतं.

आम्ही त्याला टेंटच्या मेटाडोरमध्ये घालून नेलं. खुर्च्या खाली फेकून जागा केली. ड्रम्सवाला वाटेत त्याची छाती दाबत होता, कसं दाबायचं ते त्याला येत नव्हतं, तरी दाबत होता. दवाखान्यात डॉक्टरने त्याला तपासलं आणि आमच्याकडे न पाहता विचारलं की घरचं कोण आहे. मग आम्हाला कळलं.

त्याच्या बहिणीला मी सांगितलं. आईला तिने सांगितलं.

संध्याकाळी कीबोर्डवाला म्हणाला की सामान तिथेच पडलंय, कोणीतरी जायला हवं. मी गेलो. माझी समजूत होती की मैदान रिकामं असेल. पण दिवे लागले होते, खुर्च्या भरल्या होत्या. आमच्या जागी दुसरा ऑर्केस्ट्रा आणला होता आणि एक बाई त्याच माईकवर गात होत्या. माझा अ‍ॅम्प स्टेजच्या कडेला सरकवला होता आणि त्यावर पाहुण्यांना द्यायचे पुष्पगुच्छ ठेवले होते. संयोजकांपैकी एक गृहस्थ मला ओळखून बाजूला घेऊन गेले. म्हणाले, फार वाईट झालं, पण पाहुण्यांची वेळ ठरलेली होती, आता प्रोग्राम कॅन्सल कसा करणार. माझ्या खांद्यावर हात ठेवून ते असं बोलत होते की मला त्यांचं म्हणणं पटावं. मी पुष्पगुच्छ एकेक करून खाली ठेवले आणि अ‍ॅम्प उचलायला गेलो. एकट्याला उचलेना. शेवटी दोन वेटर मदतीला आले.

पोलिसांनी आमचे जबाब घेतले. जनरेटरवाला म्हणाला, त्याच्या मशीनमध्ये दोष नव्हता. टेंटवाला म्हणाला, पंपघराची लाईन त्याची नव्हती. मैदानवाले म्हणाले, पंपघरातून लाईट घ्यायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. सगळे खरंच बोलत होते. काही दिवसांनी विचारणारं कोणी उरलं नाही.

मला मात्र दुसरंच काहीतरी कळत होतं आणि ते सांगायला माणूस नव्हता. त्याचा आणि माझा अ‍ॅम्प एकाच वायरवर होता. म्हणजे त्याच्या तारांमध्ये जो करंट होता तोच माझ्याही तारांमध्ये होता. मी अर्धा तास तो हातात धरून उभा होतो. माझ्या पायात रबरी तळाचे कॅनव्हासचे बूट होते, आणि मी गात नव्हतो. बेसवाल्यापुढे कोणी माईक ठेवत नाही. एवढ्यावर मी वाचलो.

तेरावं झाल्यावर त्याच्या आईने, काकूंनी, मला बोलावलं. बहीण स्वयंपाकघरात होती. काकू पलंगावर बसल्या होत्या, त्यांनी मला समोर खुर्चीवर बसवलं.

‘मले कोणी सांगून नाही राहिलं,’ त्या म्हणाल्या. ‘सारे म्हणते शॉक लागला. शॉक त लोकाले रोज लागते. मले नीट सांग कसं झालं.’

मी सांगितलं. जनरेटर एकीकडे, पंपघर एकीकडे, एका हातात गिटार, ओठाला माईक, खाली ओली सतरंजी. प्लगमध्ये तीन तारा असतात, तिसरी जमिनीत जाते, ती लावली असती तर करंट तिच्यातून निघून गेला असता. सांगता सांगता मला वाटलं की मी शाळेत धडा म्हणून दाखवतोय.

‘म्हणजे एक तार लावाची राहून गेली,’ त्या म्हणाल्या.

‘हो काकू.’

‘एवढंच?’

‘एवढंच.’

त्यांनी भिंतीवरच्या प्लगकडे पाहिलं. तिथे टेबलफॅन लावलेला होता. मग त्यांनी विचारलं, ‘तुले काही नाही झालं नं?’ मी नाही म्हणालो. ‘बरं झालं,’ त्या म्हणाल्या, आणि मुलीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं. तो चहा मी कसा प्यायलो मला आठवत नाही. पुढच्या वर्षी काकू मुलीला घेऊन गोंदियाला राहायला गेल्या. मी एकदा जाऊन आलो, नंतर जाणं झालं नाही.

बँड त्या दिवशीच संपला होता. ड्रम्सवाला भिलाईला प्लांटमध्ये लागला. कीबोर्डवाला पुण्याला गेला. मी बेस खोळीत घालून कपाटावर ठेवला आणि नोकरी शोधली. पुष्कळ दिवसांनी एका हॉटेलातल्या बँडला बेसवाला हवा होता म्हणून पुन्हा काढला. बोटं आखडली होती, पण हळूहळू सुटली.

आता माझ्या सामानात बेस आणि केबल सोडून वेगळ्याच वस्तू असतात. एक मीटर, त्याचं एक टोक गिटारच्या तारेला आणि दुसरं माईकच्या जाळीला लावायचं. काटा हलला तर कोणी काही हातात घ्यायचं नाही. एक लोखंडी सळई, तिसरी तार जोडून जमिनीत ठोकायला. मिठाची पिशवी आणि पाण्याचा कॅन, सळईभोवती ओतायला. जाड रबरी तळाचे बूट. बेसही आता बॅटरीवरच्या वायरलेसने जोडतो, म्हणजे मला कुठलीच वायर बांधलेली नसते. साउंडवाले मला ‘अर्थिंगवाले भैया’ म्हणतात. काही जण चांगल्या मनाने म्हणतात.

परवा नव्या रायपूरच्या रस्त्यावरच्या एका लॉनमध्ये कार्यक्रम होता. सगळं चकाचक, दिवे, पडदे, पण मागे जाऊन बघितलं तर दोन वेगळ्या लाईनी आणि तिसरी तार दुमडलेली. मी मीटर लावला, काटा हलला. मॅनेजरला दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, रोज ऐसे ही चलता है.’ मी म्हणालो, मग मी वाजवत नाही. आमच्या गाणाऱ्या पोरीलाही मी सांगितलं. ती म्हणाली, अंकल, मी माईकला रुमाल गुंडाळते. मी तिला पुन्हा सांगितलं, आणि मग माझं सामान गाडीत भरलं.

त्यांनी फोनवरून दुसरा बेसवाला बोलावला. दुसऱ्या दिवशी मी त्या पोरीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, कार्यक्रम छान झाला, कोणालाही काही झालं नाही.