द्वारकाबाईंची थैली

श्रीमती द्वारकाबाई सबनीस यांची आणि माझी ओळख भांडणाने झाली. चाकणच्या बाजारात माझे शेंगा-कांद्याचे अडतीचे दुकान आहे. कोरियाची लढाई जोरात होती आणि सगळ्याच मालाचे भाव आभाळाला भिडले होते. बाई तळेगावच्या कन्याशाळेत शिक्षिका, तिथले वसतिगृहही त्याच सांभाळीत; त्यासाठी शेंगदाणे घ्यायला त्या स्वतः आल्या. भाव ऐकून त्यांनी विचारले, का वाढला? मी सांगितले, विलायतेत मागणी आहे. विलायतेत मागणी का आहे, असे त्यांनी पुढे विचारले. मी म्हणालो, बाई, गिऱ्हाइकाने भाव विचारावा, भावाचे कूळ विचारू नये. त्या हसल्या नाहीत आणि हलल्याही नाहीत. मागे गिऱ्हाइके खोळंबली, तेव्हा मला ठाऊक नाही असे मला चारचौघांत कबूल करावे लागले. बाईंनी दाम चुकते केले आणि पुढच्या शनिवारी तळेगावच्या वाचनालयात यायचे फर्मान सोडून त्या चालत्या झाल्या. मिशा पिकत आलेल्या व्यापाऱ्याला फर्मान! मी गेलो. राग आला होता म्हणून गेलो आणि उत्तर हवे होते म्हणूनही गेलो.

बाई येत्या महिन्यात साठी पूर्ण करून शाळेतून निवृत्त होत आहेत. खासगी शाळा, त्यामुळे पेन्शन नाही. मागेपुढे कोणी नाही. आयुष्यभराची जी काही शिल्लक आहे तिच्या व्याजावर त्यांना पुढचे दिवस काढायचे आहेत, आणि नेमके तेच व्याज आता उतरू लागले आहे. त्यांच्या सत्कारासाठी निघणाऱ्या या गौरवग्रंथात अशा गोष्टी लिहीत नाहीत हे मला माहीत आहे. मी लिहिणार. संपादकांनी कात्री चालवली तर माझी-त्यांची गाठ आहे.

शनिवारच्या त्या बैठकांना बाईंनी नाव दिले नव्हते, आम्हीच त्यांना ‘जगाचा बाजार’ म्हणू लागलो. शाळेत बाई गणित आणि भूगोल शिकवीत, आणि वाचनालयात दोन्ही एकत्र करीत. इंग्रजी वर्तमानपत्रातले बाजाराचे पान समोर घेऊन लंडनमध्ये लोकर का पडली, अमेरिकेत कापूस का चढला, हे त्या आम्हां शेतकरी, दुकानदार, गिरणीवाल्यांना फळ्यावर नकाशा काढून सांगत. व्याज म्हणजे पैशाचे भाडे, हे त्यांचे पहिले वाक्य. आमच्या धर्मात व्याज घेणे मना आहे आणि ते मी आजतागायत पाळले आहे. तरी पुढच्या बाकावरची माझी जागा कधी चुकली नाही. एकदा बाईंनी सगळ्यांदेखत विचारले, उस्मानभाई, तुम्हाला व्याज घ्यायचे नाही, मग एवढे कान देऊन का ऐकता? मी म्हणालो, बाई, मी घेत नसलो तरी माझा माल घेणारे सगळे घेतात. त्यांचा वारा कुठून वाहतो ते मला कळायला नको? त्या दिवशी मात्र त्या मनापासून हसल्या.

लंडनने व्याजाचा दर उतरवला, त्याच सुमारास अमेरिकेनेही उतरवला, अशी बातमी आली तेव्हा वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पैसा स्वस्त झाला, आता सगळे माल भरतील, भाव चढणार, असा माझा हिशेब. जवळची सगळी पुंजी शेंगांत घालायची तयारी मी केली होती. बाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, घरात दिवे लवकर मालवले तर माणसांना झोप आली असेल, नाहीतर तेल संपले असेल. दर उतरला हे कळले, का उतरला ते आधी शोधा. मग त्यांनी दाखवून दिले की तिकडे कारखान्यांत काम मंदावले आहे, माणसे घरी बसत आहेत, म्हणून पैसा स्वस्त केला आहे. स्वस्ताईची बातमी आणि मंदीची बातमी एकाच टपालाने येते, असे त्या म्हणाल्या. अमेरिकेचे औषध तळेगावाने पिऊ नये, आपल्याकडे लाट येईल तेव्हा ती आपल्या चालीने येईल, हेही बजावले. मी हट्टी माणूस, तरी निम्मीच कोठी भरली. पुढे शेंगांचा भाव पडला. निम्मा तोटा मी सोसला आणि उरलेल्या निम्म्यातून वाचलो, म्हणून आज दुकान उघडे आहे.

सल्ला देण्याची त्यांची एक रीत होती आणि ती भल्याभल्यांना झोंबत असे. एकट्या पुरुषाला त्या पैशाबद्दल चकार शब्द सांगत नसत. पिंपरीकडे कारखाना आला त्यात आमच्या शनिवारच्या बैठकीतल्या बबनरावांची जमीन गेली. भरपाईची रक्कम घेऊन ते बाईंकडे आले. व्याज उतरते आहे, आता चांदी घे, असे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवले होते. बाई म्हणाल्या, घरच्यांना घेऊन या. बबनराव फणकारले, तिला काय कळतंय? बाईंनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवले. आठवड्याने नवराबायको दोघे आले. रक्कम कशासाठी आहे, असे बाईंनी बबनरावांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, विचारले. काकू पदर सावरून बसल्या होत्या, पण बोलल्या स्वच्छ: “बाई, चांदी पेरता येत न्हाई. आमाला रान पायजे.” निघोज्याच्या शिवारात त्यांनी रान घेतले, आणि उरलेली रक्कम पोस्टात काकूंच्या नावाने ठेवली. काकूंच्या नावाने का, म्हणून बबनराव पुष्कळ कुरकुरले. बाईंनी एवढेच सांगितले की ज्या माणसाने नीट विचार केला त्याच्या नावावर पैसा असावा. हल्ली बबनराव सांगत फिरतात की रान घेण्याची अक्कल मूळची त्यांचीच.

एक गोष्ट मात्र माझ्या घरची आहे. माझी झुबेदा सातवीनंतर बाईंच्या वसतिगृहात राहिली. भाईबंदांनी मला नावे ठेवली, परक्यांत पोरगी ठेवलीस म्हणाले. पहिला रमजान आला तेव्हा माझाही जीव खालीवर झाला. सुट्टीत घरी आल्यावर झुबेदाने सांगितले की रोज पहाटे, रोजा सुरू होण्याआधी, स्वयंपाकीणबाईंना न उठवता बाई स्वतः उठत, तिला भाकरी गरम करून देत आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहत. बाईंनी हे मला कधी सांगितले नाही. मी आभार मानायला गेलो तर त्यांनी झुबेदाच्या बीजगणिताची तक्रार काढली. त्या दिवशी वाटेत मी रडलो, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही. झुबेदा आज मास्तरीण आहे.

आता थैलीविषयी. बाईंची शिल्लक पतपेढीत एकेक वर्षाच्या ठेवीत आहे. मागच्या वेळी मुदत संपली तेव्हा दर उतरला होता, यंदा आणखी उतरला. सत्कार समितीने थैली जमवायचे ठरवले तेव्हा म्हणूनच मला फार बरे वाटले. गावोगावच्या जुन्या मुलींनी पैसे पाठवले. मग कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा खर्डा माझ्या हातात पडला. थैली अर्पण, आणि लगेच खाली, थैलीचे शाळेस पुनर्प्रदान! आपल्याकडची रीतच आहे ती. सत्कारमूर्तीने थैली घ्यायची, कपाळाला लावायची आणि पदरचे चार रुपये घालून परत करायची, म्हणजे टाळ्या पडतात. समितीचे अध्यक्ष नानासाहेब वकील सज्जन गृहस्थ आहेत, पण त्यांनी त्या पैशातून शाळेच्या छपराची कौलेही ठरवून टाकली होती. मी भर बैठकीत उठलो. म्हणालो, नानासाहेब, ज्यांची थैली त्यांना कोणी विचारले का? कोणीच विचारले नव्हते. मग आम्ही दोघे बाईंच्या खोलीवर गेलो.

नानासाहेबांनी मोठ्या गोडीने प्रस्ताव मांडला. त्यागाने सत्काराला शोभा येते, असेही म्हणाले. बाईंनी शांतपणे सगळे ऐकून घेतले.

“नानासाहेब, मुलींना मी शिकवले की आपल्या नावावर पैसा ठेवायला लाजू नका. साठाव्या वर्षी मीच लाजले तर त्यांनी माझे काय ऐकायचे? थैली मी घेणार आणि ठेवणार. कौलांसाठी वेगळी वर्गणी काढा, तिच्यात मीही देईन.”

नानासाहेब गडबडले. बोलायचे म्हणून त्यांनी विचारले, पण बाई, व्याज तर रोज उतरते आहे, ठेवणार कुठे? बाई म्हणाल्या, वर्षावर्षाच्या ठेवीत आता राम नाही, दर वेळी कमीच पदरात पडणार. सरकारी रोखे घेतले की आजचा दर मुदत संपेपर्यंत बांधून मिळतो, बाहेर बाजार कितीही उतरो. म्हणून सगळ्यात लांब मुदतीचे घ्यायचे त्यांनी ठरवले आहे. किती लांब, असे मी विचारले.

“वीस वर्षे,” बाई म्हणाल्या. “मला कुठे घाई आहे?”

साठ वर्षांच्या बाईंनी हे अगदी सहज सांगितले. बाहेर आल्यावर नानासाहेबांनी स्वतःच्या हाताने खर्ड्यातली ती ओळ खोडली.

तेव्हा समारंभाला येणाऱ्या मंडळींना माझे सांगणे आहे. बाई थैली घेतील आणि आपल्या पिशवीत ठेवतील. कोणी कुजबुजू नये, टाळ्या कडकडून वाजवाव्यात. आणि या अडत्याची अल्लाजवळ एवढीच दुआ आहे की वीस वर्षांनी त्या रोख्यांची मुदत भरेल त्या दिवशी द्वारकाबाईंनी काठी न टेकता बँकेची पायरी चढावी, सही स्वतः करावी, आणि खिडकीतल्या कारकुनाला विचारावे की आता याहून लांब मुदतीचे काय आहे?

— उस्मान तांबोळी, चाकण