मागे बांधलेली गाडी

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. अब्बासियातल्या आमच्या खोलीत आम्ही पाच जण राहतो. कुलूप कोणीही लावो, मी ते दोनदा ओढून बघतो. चहात साखर कमी वाटली तर आधी डब्याकडे नाही, चहा करणाऱ्याकडे बघतो. खोलीतले म्हणतात, "विश्वास पानिपतात गेला, तो बहुतेक चाचाचाच." गेला असेल. पण चोवीस वर्षं कुवेतमध्ये गाडी चालवतोय आणि माझ्या हातून कुणाला साधं खरचटलेलं नाही, ते या संशयाच्या जोरावरच, असं मी सगळ्यांना सांगत असे.

गाडी मी शिकलो महाडकडच्या घाटात, मामाच्या टेम्पोवर. मामाने पहिल्या दिवशी माझ्या हातात स्टिअरिंग दिलं नाही, दगड दिला. इंजिन बंद केलं की पहिला गियर टाकायचा, मग उतरून मागच्या चाकाला दगड लावायचा आणि मग विडी पेटवायची. हँडब्रेकवर भरवसा ठेवणाऱ्याची गाडी दरीत सापडते, असं मामा म्हणायचा. चुकून आधी दगड लावला आणि मग गियर टाकायला परत चढलो, तर पाठीत धपाटा बसायचा. गियर, मग दगड. ते अंगात इतकं भिनलं की कुवेतसारख्या परातीएवढ्या सपाट मुलखातही माझ्या डिकीत सिमेंटच्या ब्लॉकचा तुकडा असतो. गावाकडे गियर डाव्या हाताने टाकायचो, इथे उजव्या. हात बदलला, सवय तीच राहिली. अब्बासियातली पोरं माझ्या चाकामागचा ब्लॉक बघून हसतात. हसोत.

माझा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इकामा, इथे राहण्याचा परवाना, आहे तो कुवेती, फहाहीलमध्ये बांधकामाच्या सामानाचं दुकान चालवतो. माणूस दिलदार, पण रागीट. थंडी पडली की इथले लोक वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. तसा तोही जायचा. मग त्याने एक मोटरहोम घेतलं. पलंग, शेगडी, संडास, सगळं आत. चालवायचं मी. पहिल्याच फेरीत अडचण कळली. तंबूत खुबूसच्या रोट्या संपल्या की त्या आणायला हे अख्खं घर हलवून जहराला न्यायला लागायचं. म्हणून कफीलने ठरवलं की मागे एक छोटी गाडी बांधून न्यायची.

मला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. जी गाडी आपण चालवत नाही आणि जी आपल्याला दिसत नाही, ती आपल्या मागून ऐंशीच्या वेगाने येणार, हे संशयी माणसाला झोप येऊ देणारं नाही. मी चौकशी केली. ऑटोमॅटिक गाडी चारही चाकांवर ओढली तर बहुतेकदा तिचा गियरबॉक्स जळतो, म्हणून हाताच्या गियरची घ्यायची. ती न्यूट्रलमध्ये हवी, हँडब्रेक सोडलेला हवा, आणि चावी एक खटका फिरवून आत ठेवायची, नाहीतर स्टिअरिंग लॉक होतं. कफीलने तशी गाडी शोधून आणली आणि ती जोडायचा दांडा बसवायला मला जहराच्या एका गॅरेजमध्ये पाठवलं.

तिथला फिटर रत्नागिरीकडचा निघाला. चाळिशीचा, अंगाने हाडकुळा आणि सारखा हसणारा. सारखं हसणाऱ्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. मी गाडी उभी केली, गियर टाकला, उतरून ब्लॉक लावला, तर हा खो खो हसला.

"चाचा, माझा बाप पण असंच करायचा. ट्रक व्हता आमचा. जमीन सपाट असली तरी दगड पायजेच!"

मी हसलो नाही. परदेशात गाववाला म्हणून गळ्यात पडणारा माणूस आधी गोड बोलतो आणि मग काम कच्चं करतो, असा माझा अनुभव. मी त्याच्या डोक्यावर उभा राहिलो. त्याने गाडीच्या पुढच्या सांगाड्याला लोखंडी पट्टा बसवला, त्याला दोन पायांचा दांडा जोडला, खिळ्यांना क्लिपा लावल्या. दांड्याखालून दोन साखळ्या एकमेकींवरून फुली मारून नेल्या, म्हणजे दांडा सुटलाच तर त्याचं टोक साखळ्यांवर पडेल, रस्त्यात रुतणार नाही. एक बारीक वायर ओढली. गाडी तुटून मागे राहिली तर ती वायर खेचली जाऊन गाडीचा ब्रेक आपोआप लागतो. मी प्रत्येक नट स्वतः पान्याने ओढून बघितला. एकही ढिला नव्हता, आणि त्याचाच मला जास्त संशय आला.

"दोन गोष्टी ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "गाडी मागे बांधलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाय, दांडा वाकतो. आणि निघाल्यावर दहा मिनटांनी थांबून चारी चाकांना हात लावून बघायचा. चाक गरम लागलं तर समजायचं, कायतरी अडकलंय."

जाताना मी सहा वेळा थांबलो. कफील वैतागला.

परतीच्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, कफीलने त्या फिटरलाच तंबूवर बोलावून घेतलं. तंबूजवळ गाड्या वाळूच्या उतारावर उभ्या होत्या, तिथे दांडा जुळवणं सोपं नव्हतं आणि मी आधीच सांगून टाकलं होतं की या उतारावर मी एकटा जबाबदारी घेणार नाही. तो पिकअप घेऊन आला, त्याने सगळं जोडलं आणि गियरचा दांडा डावीउजवीकडे हलवून मला दाखवलं. "बघा चाचा, न्यूट्रल." मग तो चहा प्यायला तंबूत गेला.

मी मात्र गेलो नाही. तो गेल्यावर गाडीत जाऊन बसलो आणि सगळं परत बघितलं. न्यूट्रल होती. हँडब्रेक खाली होता. चाकं मोकळी वळत होती. तेवढ्यात कफीलने तंबूतून हाक मारली, मी उतरलो आणि गेलो. चहा संपल्यावर फिटर गाडीकडे गेला, दार उघडून मागच्या सीटवरचं आपलं जॅकेट घेतलं आणि पिकअपमध्ये बसून निघून गेला. मी ते तंबूच्या दारातून बघितलं. बघितलं म्हणजे टिपूनच ठेवलं.

आम्ही निघालो. वाळूतून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत मोटरहोम जरा जड चाललं, पण वाळूत ते जडच चालतं. मागच्या कॅमेऱ्यावर धूळ बसली होती. दहा मिनिटांनी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. याच एका वेळी नाही. मी स्वतः आत बसून सगळं बघितलं होतं, मग थांबायचं कशाला?

पाण्याचा एक टँकर आमच्या शेजारी आला. त्याचा ड्रायव्हर जोरजोरात हॉर्न देत मागे बोट दाखवत होता. मी बाजूला घेऊन उतरलो. छोट्या गाडीच्या बॉनेटमधून धूर येत होता आणि रस्त्यावर तेलाची लांबच्या लांब रेघ पडली होती. मी दार उघडलं. गियर पहिल्यात होता. बंद गाडी पहिल्या गियरमध्ये ओढत आणली होती. ओढणाऱ्याला ते कळतही नाही. मोटरहोमच्या ताकदीपुढे मागच्या गाडीचं ओरडणं ऐकूच येत नाही. इंजिन आतून फुटलं होतं.

कफील उतरून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "किसने किया?" त्याने तोडक्या हिंदीत विचारलं.

मला विचारसुद्धा करावा लागला नाही. मी तपासलं तेव्हा न्यूट्रल होती, आणि माझ्यानंतर त्या गाडीचं दार फक्त एकाने उघडलं होतं. मी त्याचं नाव सांगितलं. जॅकेटही सांगितलं. वर हेही सांगितलं की मला तो माणूस पहिल्यापासून बरा वाटला नव्हता. सांगताना, खरं सांगतो, बरं वाटलं. आपला संशय खरा ठरल्याचं सुख मोठं असतं.

कफीलने तिथूनच गॅरेजमालकाला फोन लावला. गॅरेजमालकाने दोन दिवसांत ठरवलं की फिटरचा इकामा रद्द करायचा आणि आठवडा संपायच्या आत त्याला भारतात परत पाठवायचं. अकरा वर्षं तो इथे होता. गावी म्हातारी आई आणि दोन मुली, असं खोलीतल्या कुणीतरी सांगितलं. मी म्हणालो, मग काम नीट करायचं होतं.

सोमवारी कफीलने मला तंबूवर पाठवलं, राहिलेले गालिचे आणि गॅसची टाकी आणायला. एकटाच गेलो होतो. छोटी गाडी जिथे उभी होती, त्या उतारावर काहीतरी दिसलं. आमच्या चुलीच्या कडेचा ब्लॉकचा तुकडा. चूल तिथून पंधरा पावलांवर होती. जवळ गेलो. तुकडा चाकाच्या खुणेच्या अगदी मागे, वाळूत नीट दाबून बसवलेला होता. एका बाजूला टायरचा काळा डाग होता.

माझ्या पायाखालची वाळू सरकली. त्या तंबूत कुवेती होते, इजिप्तचा स्वयंपाकी होता, फिटर होता. त्यांच्यातला एकही जण चाकामागे दगड लावत नाही. जॅकेट घ्यायला गेलेला फिटर माझ्या डोळ्यांसमोर होता, तो खाली वाकलाही नव्हता. उतारावर उभी गाडी सोडून हाकेला ओ देताना दगड लावणारा तिथे एकच होता. आणि माझा हात दगड लावतो, तेव्हा गियर आधीच टाकलेला असतो.

मी आठवायचा पुष्कळ प्रयत्न केला. आजही मला ते आठवत नाही. हाक आठवते, उतरलो ते आठवतं, मधलं काही नाही. मामाने शिकवलेलं ते सगळं माझ्या हातांनी मला न विचारता केलं होतं.

ब्लॉक फेकून देण्याचा विचार आला. खोटं कशाला बोलू? वाळवंट मोठं आहे आणि आजूबाजूला कोणी नव्हतं. मी साठीला आलोय, माझा इकामा दर वेळी कफीलच्या मर्जीवर पुढे सरकतो, आणि इतकं फुटलेलं इंजिन ज्याच्या नावावर लागेल त्याला तो ठेवेल असं मला वाटत नव्हतं. भीती वाटली.  मग ब्लॉक डिकीत टाकला आणि फहाहीलला जायच्या ऐवजी जहराला वळलो.

फिटर गॅरेजच्या मागे एका टायरवर बसून पाने फडक्याने पुसत होता. मालकाचे पाने मालकाला परत द्यायचे होते. मला बघून तो उठला, आणि त्या दिवशीसुद्धा हसलाच. मी ब्लॉक त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उचलला, टायरचा डाग बघितला आणि परत खाली ठेवला.

"कळलं काय, चाचा?" तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"दगडाचं नव्हतं माहीत. पण गाडी हितं आली तेव्हा गियर पहिल्यात. मी तर न्यूट्रलला सोडलेली. तेव्हाच कळलं, चाचा आत बसून गेले. माझा बाप पण असाच, झोपेत पण गियर टाकील."

"मग बोललास का नाही? माझं नाव का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार? तुमचा शब्द चोवीस वर्षांचा, माझा कोण ऐकतो?" तो परत पाने पुसायला बसला. "आणि म्हटलं, चाचा संशयी माणूस हाय. सगळ्यांवर घेतात, कधीतरी स्वतःवर पण घेतील."

मला त्याच्याकडे बघवेना. माझ्यासारख्या माणसावर या गृहस्थाने भरवसा टाकला होता, आणि तोही आपलं सगळं इथलं आयुष्य पणाला लावून. मी इतकंच म्हणालो, "चल."

कफीलच्या दिवाणखान्यात मी तो ब्लॉक संगमरवरी फरशीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. घाट, मामा, गियर, दगड. माझ्या मोडक्या अरबीत घाटाला शब्द सापडेना, तेव्हा हाताने उतार करून दाखवला.  मग कफील माझ्याकडे बघून जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. माझ्या चोवीस वर्षांत तो मला असं कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याने गॅरेजमालकाला फोन केला. फिटरचे कागद थांबले.

मला त्याने काढलं नाही. का, ते मी विचारलं नाही. फक्त एक हुकूम केला: यापुढे मागची गाडी जोडायचं काम त्या फिटरचं, आणि ती कशी ठेवायची तेही तोच ठरवणार.

या थंडीत मोटरहोम अजून मीच चालवतो. नवी छोटी गाडी मागे असते आणि फिटर माझ्या शेजारी बसतो. दहा मिनिटं झाली की तो म्हणतो, "चाचा, बघून या." मी उतरतो, क्लिपा बघतो, साखळ्या बघतो, वायर बघतो, चारी चाकांना हात लावतो. गाडीच्या आत मात्र मला जाता येत नाही. चावी आत ठेवून तो दार बाहेरून बंद करतो, आणि दुसरी चावी त्याच्या खिशात असते. मी ती कधी मागितली नाही. त्याच्या जागी असतो तर मीही मला दिली नसती.