त्रास नको म्हणून

मोबाइलवर मुंबईतल्या हॉटेलांचे फोटो बघत होतो. एका खोलीत दोघांच्या पलंगावर सहा उशा मांडल्या होत्या. सुट्टीत मुलांना म्युझियम दाखवायचं, एकदा चांगल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचं, एवढं ठरलं होतं. आमच्याकडे नात्यातलं माणूस शहरात असताना कुणी हॉटेलात उतरत नाही. पण बायको म्हणाली, "मावशींना या वयात कशाला त्रास?" मला ते लगेच पटलं, आणि पटल्याचीच लाज वाटली.

मावशीच्या मुंबईतल्या एका खोलीच्या घरात राहून मी कॉलेज केलं, घरातला पहिला पदवीधर झालो. पलंग माझा असायचा. ती ओट्यापाशी सतरंजी टाकून झोपायची. तेव्हा तिच्या त्रासाचा विचार कुणी केला नव्हता. शिकलं की माणसाला दुसऱ्याचा त्रास कळू लागतो, आणि तेवढं निमित्त करून तो हळूच लांब सरकतो.

न राहवून तिला फोन केला, हॉटेलचं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "बाहेरचं तुला सोसत नाही. सकाळी पोहे घेऊन येईन. मला वर सोडतील ना रे तिथे?"