गावच्या यादीतून माझं नाव कापलं तेव्हा

सांगोल्याच्या एसटी स्टँडवर मला सोडायला आले तेव्हा अण्णांच्या गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्या गावचे शिंपी. मशीनवरून उठले, माझी ट्रंक डोक्यावर घेतली आणि तसेच निघाले. कंडक्टरनं विचारलं, "काय मास्तर, गाडीचं माप घ्यायला आलाय?" सगळे हसले, अण्णाही हसले, आणि त्यांनी टेप काढून खिशात ठेवली. शहात्तर सालचा जून होता. ठाणे जिल्हा परिषदेची ऑर्डर माझ्या पर्समध्ये होती: प्राथमिक शिक्षिका, मुक्काम गास, तालुका वसई. गावातली नोकरीसाठी बाहेर पडणारी पहिली मुलगी मीच. त्याचा अभिमान आईला जास्त की धास्ती जास्त, हे तिलाच ठरवता येत नव्हतं, म्हणून तिनं शेंगदाण्याच्या चटणीचे दोन डबे दिले.

गाडी सुटताना अण्णा खिडकीशी आले आणि म्हणाले, "सुले, तिकडं कितीबी वर्सं ऱ्हा, पर पाव्हणी म्हणून ऱ्हा. घर हितं हाय." मी मान हलवली. बापाचा शब्द मी फार मनावर घेते, हा माझा जुना दोष.

गासला मी रेजिनकाकीच्या घरात एक खोली घेतली. काकी ख्रिस्ती, विधवा, मुलगा-सून घरात, मागं केळीची वाडी आणि कडेला बावखल, म्हणजे वाडीला पाणी घालायचं तळं. आमच्याकडं पाण्यासाठी आकाशाकडं बघायची सवय, इथं दारामागं पाणी. पहिले आठ दिवस मी त्या तळ्याकडं नुसती बघत बसायचे. काकीच्या घरची बोली मला कळत नसे आणि माझी ज्वारीची भाकरी तिला कळत नसे. माझ्याशी ती बाजारातली मराठी बोलायची. मी मासे खात नाही म्हटल्यावर तिनं माझ्यासाठी एक तवा आणि एक पातेलं बाजूला काढून ठेवलं. पण मी पाहुणी. कपडे ट्रंकेतच ठेवायचे, ट्रंक खाटेखाली. पावणेदोन वर्षं मी रोज वाकून साडी काढली, पण भिंतीतल्या कपाटात एक रुमालही ठेवला नाही.

सत्याहत्तरच्या मार्चमध्ये लोकसभेचं मतदान झालं. त्या वर्षी आणीबाणीमुळं लोकांच्या अंगात वारं शिरलं होतं. सारं गास रांगेत उभं राहिलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका एकमेकींची बोटं धरून कुणाची शाई जास्त काळी ते बघत होत्या. काकीनं माझं बोट धरलं आणि उलटंसुलटं करून पाहिलं.

"तुजी शाई कुठं गेली, बाय?"

"माझं मत गावाला आहे, काकी."

"मग गेली का नाय गावाला?"

जायला एक दिवस, यायला एक दिवस, आणि रजा शिल्लक नव्हती. ते मी सांगितलं. काकीनं घागर कमरेवर घेतली. "म्हनजे तिथं तू नाय, आन इथं तुजं मत नाय," ती म्हणाली आणि चालू लागली. ती काही टोमणा मारत नव्हती, हिशेब सांगत होती. मला मात्र ते दिवसभर लागून राहिलं. देशात एवढी उलथापालथ चालली होती आणि बावीस वर्षांची, शिकलेली, पगारी बाई असून माझं त्यात बोटभरही काही नव्हतं. पुढच्या निवडणुकीला मत द्यायचंच, असं मी त्या रात्री ठरवलं.

पुढची निवडणूक विधानसभेची. दिवाळीच्या आधी मतदार याद्या दुरुस्त करायचं काम निघालं आणि ते नेहमीप्रमाणे मास्तरांच्या गळ्यात पडलं. गासच्या एका भागाची घरं माझ्या वाट्याला आली. शाळा सुटली की वही घेऊन दारोदार. एकेका माणसाला तीन तीन नावं: चर्चमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि गावात हाक मारायला तिसरंच. नवरा कुठल्या नावाचा यावर बायकोशीच वाद घालायची वेळ यायची. पण मजा येत होती. ओट्यावर बसायचं, कोरा चहा प्यायचा आणि सरकारच्या आवाजात नियम सांगायचे. एकवीस वर्षं पूर्ण पाहिजेत. माणूस जिथं राहतो, झोपतो, जेवतो, तिथलंच नाव लावायचं, शेती कुठं का असेना. एका माणसाचं नाव एकाच यादीत. दुसरीकडं असेल तर तिथलं कमी होणार. नाव राहून गेलं तर सहा नंबरचा नमुना भरायचा, खाली सही करायची. हे मी शंभरदा सांगितलं असेल. शेवटचं घर रेजिनकाकीचं. काकी, मुलगा, सून, अशी तीन नावं लिहिली आणि वही मिटली.

कच्ची यादी शाळेच्या व्हरांड्यात लागली. काकी बोट ठेवून एकेक नाव वाचत गेली. आपल्या घराशी थांबली आणि माझ्या वर्गाच्या दारात आली.

"बाय, तुजं नाव?"

"विसरलेच मी."

झालं. नदी ओलांडून आलेले दहा शहाणे, प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो आणि एक बुडाला म्हणून रडतो, ती गोष्ट गासलाही ठाऊक होती. आठवडाभर मला जो भेटेल तो विचारायचा, "काय बाई, सापडलात का?" यादी करणारीच यादीत नाही, यावर सगळा गाव मनमुराद हसला. मीही हसत होते. पण खरं सांगते, मी विसरले नव्हते. काकीच्या घराशी पोचले तेव्हा पेन हातात होतं आणि चौथी ओळ रिकामी होती. मला ती लिहवली नाही.

तुमच्यातले गावात राहिलेले लोक हे समजू शकतील. आपल्या गावी यादीतून बाईचं नाव दोनच कारणांनी कापलं जायचं: लग्न होऊन गेली किंवा देवाघरी गेली. चावडीवर तांबड्या शाईनं नाव खोडलं की पोरगी परकी झाली. अण्णा निरोप देताना जे बोलले होते, त्याच्या बरोबर उलट कागदावर सही करायची होती मला. मत तर हवं होतं, आणि त्याची किंमत अण्णांच्या घरातलं माझं नाव होतं.

संध्याकाळी चुलीपुढं बसून मी हे सगळं काकीला सांगितलं. ती केळी सोलत होती.

मग म्हणाली, "मी भुईगावची. लगीन करून आनलं, आन माजं नाव इथं लागलं. मला कोनी विचारलं पन नाय. तुला सरकार कागद देतं, सही कर म्हनतं. माजी सही कोनी मागितली नव्हती." सोललेलं केळं तिनं माझ्या हातात ठेवलं. "आन पाव्हनी दोन दिवसांची असते. तू दीड वरीस माज्याकडं भांडी घासते."

दुसऱ्या दिवशी मी सहा नंबरचा नमुना भरला. घर क्रमांक काकीचा. आधी नाव कुठं होतं, या प्रश्नापुढं गाव आणि तालुका लिहिला, खाली सही केली. वसईच्या कचेरीतल्या कारकुनानं कागद पाहून विचारलं, "लग्न झालंय?" मी म्हटलं, नाही. "मग नाव कशाला हलवता?" मला राग चटकन येतो. "मी हललेय म्हणून," मी म्हटलं. त्यानं शिक्का मारला.

अण्णांना कळवायला हवं होतं. तीन पत्रं लिहिली, तीन फाडली. म्हटलं, सरकारी काम आणि सहा महिने थांब, तोवर स्वतः जाऊन सांगू. पण सरकार नको तिथं चपळ असतं. वसईचा कागद सांगोल्याला गेला, सांगोल्याहून तलाठ्याकडं आला, आणि चावडीवर माझ्या नावावरून तांबडी रेघ फिरली.

जानेवारीत अण्णांचं पत्र आलं. चौथी शिकलेल्या माणसाचं टपोरं अक्षर. निम्म्या गावानं माझं लग्न लावून दिलं होतं आणि उरलेल्या निम्म्यानं मला मारून टाकलं होतं. एक मावशी रडत दारात आली होती, तर चुलत्यांनी मानपान झाला नाही म्हणून अबोला धरला होता. जावई काय करतो, कुठल्या जातीचा, की ख्रिस्तीच आहे, यावर पारावर दोन तट पडले होते. कुणीतरी आईला पेढे मागितले, तेव्हा ती लाटणं घेऊन उठली म्हणे. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग शेवटच्या दोन ओळी वाचल्या. "मेली न्हाईस हे तुज्या पत्रावरनं कळंल. पर हितलं नाव तू का काढलंस, हे लोकांनी इचारलं तर म्या काय सांगू?"

मी तेव्हाच उत्तर लिहिलं. लग्न नाही, काही नाही, फक्त जिथं राहते तिथं मत द्यायचं आहे, आणि तुम्हाला आधी सांगायचं धाडस झालं नाही, माफ करा. पत्र गेलं. अण्णांचं पत्र दर पंधरवड्याला यायचं. पुढचा पंधरवडा गेला, आणखी एक गेला. पोस्टमन आमच्या दारावरून पुढं जाई. मत मिळवलं आणि बाप गमावला, असंच वाटायला लागलं.

फेब्रुवारीत मतदान झालं. केंद्र आमचीच शाळा, खोली माझ्याच वर्गाची. माझी ड्यूटी लागली नव्हती. काकीनं ठेवणीतलं लाल लुगडं नेसलं आणि मला पुढं घालून रांगेत उभी राहिली. माझ्या खुर्चीवर कुणी अनोळखी साहेब बसले होते. मी चिठ्ठी दिली. त्यांनी यादीत बोट फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्यानं अनुक्रमांक वाचला, मग माझं अख्खं नाव: सुलोचना महादेव, आणि आडनाव. बाकावर बसलेल्या उमेदवारांच्या माणसांनी आपापल्या यादीत शोधत ते पुन्हा म्हटलं. "सुलोचना महादेव."

गासमध्ये मी नुसती बाई होते. पोरांची बाई, काकीची बाय. दीड-पावणेदोन वर्षांत त्या गावात माझ्या वडिलांचं नाव कुणी तोंडानं घेतलं नव्हतं. ते त्या दिवशी माझ्या वर्गात चार जणांनी घेतलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. बोटाला शाई लागली तेव्हा माझे डोळे भरून आले. साहेब म्हणाले, "ताई, दुखत नाही हो." मतपत्रिकेवर शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकली. बाहेर आल्यावर काकीनं माझं बोट धरून उन्हात नीट पाहिलं. घरी जाऊन मी ट्रंक ओढली आणि सगळे कपडे कपाटात लावले. मग अण्णांना पत्र लिहिलं, जे घडलं ते आणि तेवढंच.

दहा दिवसांनी उत्तर आलं. ते मी अजून जपून ठेवलंय. सुरुवातीला खुशाली, मग विहिरीला पाणी नसल्याची नेहमीची तक्रार, आणि मग हे: "म्या दुकानात समद्यांना सांगितलं, पोरीचं नाव हितनं गेलं, पर माजं वसईत लागलं. मतदानाला हितं माजं नाव पुकारलं, त्याच दिशी तिकडंबी पुकारलं. एका माणसाचं नाव दोन यादीत लावत न्हाईत म्हणतेस. तवा सरकारला सांगू नगंस." चुलत्यांचा अबोला पेढ्यांवर सुटला. पेढे अण्णांनीच वाटले, पोरीला मत मिळालं म्हणून.

माझं लग्न झालं ते गावानं लावून दिल्यानंतर सहा वर्षांनी, वसई तालुक्यातल्याच जूचंद्रच्या एका मास्तरांशी. पुन्हा सहा नंबरचा नमुना भरला. कारकुनानं रिवाजाप्रमाणे वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव घालायला घेतलं. मी म्हटलं, पत्ता बदलला आहे, बाप नाही. आमचे मास्तर शेजारी उभे होते. ते कारकुनाला म्हणाले, "लिव दादा ती सांगते तसं, मला घरी जायचंय." भला माणूस.

आता गासच्या आजूबाजूला इमारती उठल्या, पुष्कळ बावखलं बुजली, रेजिनकाकीही गेली. तुमच्यातले माझ्यासारखे बाहेर पडलेले दुबई-पुण्याला असतील, घर कुठलं असं कुणी विचारलं की घोटाळत असतील. मीही पुष्कळ वर्षं घोटाळले. अण्णा गेले तेव्हा गावच्या यादीतून त्यांचं नाव कापलं, आणि त्या वेळी गावानं काढलेला अर्थ खरा होता. वसईच्या यादीत मात्र ते अजून आहेत. दर निवडणुकीला त्यांना न पाहिलेला कुणी तरुण अधिकारी त्यांचं नाव मोठ्यानं वाचतो आणि मी बोट पुढं करते. पाय दुखतात, रांग लांब असते, पण मी एकही मतदान चुकवलेलं नाही.