थर्ड क्लासचा वैमानिक

सत्तरचं दशक संपत आलं होतं. त्या मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाला एका विमान कंपनीने सहवैमानिक म्हणून घेतलं. विमान चालवण्याचं लायसन्स त्याच्याकडे तीन वर्षांपासून होतं. बी. एस्सी.ला मात्र त्याला थर्ड क्लास होता आणि कंपनीला सेकंड क्लास लागत असे. त्या अटीमुळे त्याचा अर्ज दोनदा परत आला होता. या वेळी वैमानिक कमी पडले आणि कंपनीने अट काढून टाकली.

आमची आई मुंबईपासून जवळच, निर्मळ गावालगतच्या शाळेत गणित शिकवायची. अर्ज परत आला त्या दोन्ही दिवशी ती नीट जेवली होती. नोकरी लागल्यावर तिचं जेवण कमी झालं. भावाच्या वह्या पाचवीपासून तिनेच तपासलेल्या. त्याची रीत बरोबर असे, पण घाईत चिन्ह चुके.

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात शेजारचे काका म्हणाले, "टीचर, आता पोरगा आम्हाला फुकट फिरवणार ना?"

"तुम्ही बसू नका," आई म्हणाली. काका हसले. ती हसली नाही.

दुपारी तिने भावाला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि गणित घातलं: इतकं अंतर, इतका वेग, वारा समोरून, इंधन किती लागेल? भावाने पाच मिनिटांत उत्तर दिलं. वाऱ्याचा वेग वजा करायचा, तो त्याने मिळवला होता.

"रीत बरोबर आहे," तो म्हणाला.

"रीतीला शाळेत मी मार्क देते. वर कोण देणार?"

"वर मी एकटा नसतो, आई. कॅप्टन असतो. तो सगळं परत तपासतो."

"आणि त्यालाही अशीच अट काढून घेतलं असेल तर?"

बाबा वाडीतल्या केळीला पाणी सोडून नुकतेच आत आले होते. "तुझ्या वर्गात पहिला आलेला पोरगा सायकलसकट आपल्या विहिरीत पडला होता," ते म्हणाले. "मार्कांचं काय सांगतेस?"

"विहिरीतून त्याला वर काढता आलं."



प्रशिक्षण संपवून पुढच्या जुलैत भाऊ कामावर रुजू झाला. महिनाअखेरीस एका संध्याकाळी तो विमान घेऊन दिल्लीहून मुंबईला येणार होता. पाऊस दिवसभर थांबला नव्हता. विमान यायच्या सुमारास वाडीवर ढगांतून आवाज आला, घुमत राहिला, दूर गेला, पुन्हा आला. मग बंद झाला. ते त्याचंच विमान होतं की नाही, आम्हाला कळायला मार्ग नव्हता. तो उतरल्यावर फादरांच्या घरी फोन करत असे. तासभर वाट पाहूनही निरोप आला नाही, तेव्हा बाबा सायकल काढून तिकडे गेले.

आई टेबलाशी बसली आणि कागदावर गणित मांडू लागली. अंतर तिने नकाशावरून घेतलं. वेग भावाने कधीतरी सांगितला होता. विमानात इंधन किती भरतात, हे तिला माहीत नव्हतं. ती जागा तिने मोकळी ठेवली. पेन्सिल हातात घेऊन ती तशीच बसून राहिली.

फादरांच्या घरून मुंबईला ट्रंक कॉल लागायला बराच वेळ गेला. बाबा परतले तेव्हा अंगणातूनच ओरडून सांगू लागले. मुंबईत उतरता न आल्याने विमान अहमदाबादला नेलं होतं. ते तिथे उतरलं होतं. सगळे सुखरूप होते.