आईनं तुडवलेली माती

माझ्या आप्पांनी, म्हणजे सांडू कुंभारांनी, आजवर केलेली मडकी अख्ख्या शेंद्र्यात, करमाडपर्यंत घरोघर हायत. माठ, रांजण, सुगडं, लग्नातली मडकी, मयतीची मडकी, सगळं. आणि या आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यातलं एकही त्यांच्या कामाचं नव्हतं. कारण भाजलेली माती परत भिजत नाय. एकदा भट्टीतून निघाली की तिचं खापर होतं, पण माती नाय होत. हे मला लहानपणापासून माहीत होतं पण ते इतकं भयंकर असतं हे आत्ता कळलं.

आधी खड्ड्याचं सांगते, नाहीतर कुणाला काही कळणार नाय.

आमच्या अंगणात मातीचा खड्डा होता. तळ्यातली काळी माती, टेकडीची तांबडी, दोन्ही आप्पा स्वतः खणून आणायचे, चाळायचे, भिजवायचे, त्यात लीद आणि राख घालायचे. पण नुसत्या नव्या मातीचं मडकं होत नाय, ती चाकावर ओढली की चिरते. दह्याला इरजण लागतं तशी तिला जुनी मुरलेली माती लागते. म्हणून खड्डा कधीच रिकामा होऊ द्यायचा नाय. तळाला थोडी जुनी ठेवायची, वर नवी टाकायची, तुडवायची, गोणपाट ओलं करून झाकायची. आप्पांच्या आज्यापासून असंच चालू होतं. म्हणजे विचार करा, कुठल्या कुठल्या माणसांनी तुडवलेली माती असेल ती.

आणि तुडवायचं काम बायकांचं. आमच्याकडं आईचं. साडी खोचून ती खड्ड्यात उतरायची आणि तासन्‌तास पायानं माती मळायची. आप्पा चाकावरून ओरडायचे, "खडा लागला बघ हाताला!" ती म्हणायची, "तुमच्याच डोक्यातला पडला असंल." मडकं वाळलं की त्याला काव, म्हणजे तांबडा गेरू, आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या राखेचं पाणी लावून नदीतल्या गारगोटीनं घासायचं काम पण तिचंच. दुकानातला रंग नाय, रोगण नाय, नुसती माती, राख आणि दगड, पण असं चकाकायचं की मी त्यात बघून वेणी घालायचे. खोटं नाय सांगत.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. कावीळ पोटात गेली, कुणाला कळायच्या आत. त्याच्या आधी तिनं शेवटचा खड्डा तुडवून ठेवला होता.

तेव्हापासून आप्पांनी चाक फिरवलंच नाय. रोज सकाळी खड्ड्यावरचं गोणपाट भिजवायचे, बस. कुणी माठ मागायला आलं की सांगायचे, माती मुरतीय. मला एकदाच म्हणले, "आखितीला तिची घागर करतो. पहिली आखिती हाय तिची. दुसऱ्या कुणाच्या मातीतनं पाणी कसं देऊ तिला?" आखितीला गेलेल्या माणसाच्या नावानं नवी घागर भरून ठेवायची असती. तर आप्पांना ती घागर आईनंच तुडवलेल्या मातीची करायची होती. त्या एका घागरीसाठी माणूस जगत होता हो, बाकी कशासाठी नाय.

आखिती जवळ आली तसे आप्पा फर्दापूरकडं गेले, तिकडच्या डोंगरात चांगली लाल काव मिळते म्हणून. दोन रात्री तिकडंच राहिले. माझी परीक्षा होती म्हणून मी पण त्या दोन रात्री शहरात मैत्रिणीकडंच होते. परत आले तेव्हा मी कॉलेज सुटल्यावर त्यांना शहरातून बसस्टँडवरून स्कुटीवर घरी आणलं. मांडीवर कावेची पिशवी, अख्ख्या जालना रोडला बोलत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बोलत होते.

दारात आलो आणि अंगणच नव्हतं.

म्हणजे होतं, पण सगळं पेव्हर ब्लॉकचं. लाल-करडे, लाल-करडे, एकदम पक्के. माझा भाऊ हनुमान कंपनीच्या ड्रेसवरच पाईपनं धूत होता, आणि त्याचं तोंड इतकं खूश होतं की मला ते अजून आठवतं.

"आप्पा, बघा कसं झालंय! आईच्या आखितीला पाव्हणे येतील, त्यांना काय चिखलात बसवायचं का?"

आप्पांनी पिशवी खाली नाय ठेवली. "माती?"

"कोणती माती?"

"खड्ड्यातली."

"ती व्हय. ट्रॅक्टर भरून काढली की. खाली भुसभुशीत लागत होतं, ब्लॉक बसंना. मुरूम टाकून घेतला वरून."

"कुठं टाकली?"

"नाल्याकडच्या प्लॉटात, भरावाला. आप्पा, नवीन आणू की आपण, तळं कुठं पळून चाललंय?"

हनुमानला खरंच कळलं नव्हतं. तो शाळा सुटल्यापासून कंपनीत, मातीला हात लावला नाय कधी. आणि त्यानं ते आईसाठीच केलं होतं, स्वतःच्या पगारातून. 

आप्पा चपला तिथंच टाकून नाल्याकडं पळाले. मी मागं. तिथं प्लॉटवर रोलर फिरून गेला होता. मुरूम, विटांचे तुकडे, सिमेंटचं पांढरं पाणी, सगळं एक झालेलं. आप्पा गुडघ्यावर बसले आणि हातानं उकरायला लागले. एक ढेकूळ काढायचे, वास घ्यायचे, जिभेला लावायचे, फेकायचे. परत एक. नखातून रक्त आलं तरी थांबेनात. रस्त्यावरून जाणारा एकजण म्हणला, "काय सांडूमामा, सोनं पुरलंय का?" आणि हसला. आप्पांनी वर बघितलं सुद्धा नाय.

मग ते तिथंच फतकल मारून बसले. "सिमेंट शिरलंय सगळ्यात. मेली ती." असं म्हणले. "दुसऱ्यांदा गेली तुझी आई."

मी कधी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हा पण नाय.

घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. हनुमान समोर ताट धरून उभा राहायचा, आप्पा भिंतीकडं तोंड करायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी एकदम उठले, मला हलवलं. "दिपे, गाडी काढ. देवगावला जायचं."

देवगाव रंगारीला आप्पांची धाकटी बहीण असते, बानाआत्या. विधवा, मूलबाळ नाय, एकटीच राहते. आईचं आणि तिचं लई जमायचं. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आई आपल्या खड्ड्यातली गोणीभर माती एसटीनं घेऊन गेली होती आणि आत्याला चूल घालून दिली होती. ते आप्पांना आठवलं होतं.

दौलताबादचा घाट, वेरूळ, पुढं तो खड्ड्यांचा रस्ता, आप्पा मागं बसून एकच पुटपुटत होते. "तोंडाकडची भाजली असंल. मागची कच्ची असंल. मागची कच्ची असणारच."

आत्या दारातच होती. "आलास व्हय दादा! वैनी गेली आन्‌ रस्ताच इसरलास. दिपे, बापाला खायला घालतीस का नाय गं, खारीक झालीय नुसती." आप्पा सरळ आत जाऊन चुलीपुढं बसले. आत्या माझ्याकडं बघायला लागली. मी सगळं सांगितलं, ट्रॅक्टर, प्लॉट, सगळं, रडत रडतच.

आत्याचा चेहरा बदलला. "म्हंजी माझी चूल मोडायला आलाय तू?"

"थोडीच, बाने. मागनं."

"मागनं काय न्‌ पुढनं काय! तिची बोटं हायत तिच्यावर. ही बघ, ही चार बोटं. मी सारवताना तेवढी जागा सोडून सारवती. रोज सकाळी हात लावती मी तिथं. तुला तिची माती पायजे, आन्‌ मला काय नको?"

आप्पांनी चुलीची मागची बाजू नखानं खरवडली. आतून लालसर निघाली, खापरासारखी. आत्याची चूल पहाटेपासून पेटते, मागपर्यंत भाजून निघाली होती. आप्पांनी हात मांडीवर टाकला. तेवढंच. मला वाटलं आता हा माणूस इथून उठणार नाय.

आत्या पुढं सरकली. मग चुलीच्या बाजूला वैल असते ना, भाजी नाहीतर चहा ठेवायचं छोटं तोंड, तिच्यावर हात ठेवून म्हणली, "हिच्यापायी भांडलो होतो आम्ही. मी म्हणलं वैनी, एकटीच्या सैपाकाला वैल कशाला घालती? तर म्हणली, आम्ही आलो तर चहा कुठं ठेवशील?" मग आप्पांकडं बघितलं. "आलात का तुम्ही?"

आप्पांनी मान खाली घातली.

"एकदा बी पेटवली नाय मी. तुम्ही आल्यावर पेटवीन म्हणलं."

दोघांनी एकदम एकमेकांकडं बघितलं. आप्पांनी बोट थुंकीनं ओलं करून वैलीच्या बाहेरच्या कडेला घासलं. बोट काळं झालं, कच्च्या मातीचं. परत घासलं. नाकाला लावलं. मग त्यांच्या तोंडून असा काही आवाज आला की शेजारची बाई डोकवायला आली.

आत्यानंच विळा आणला. स्वतःच बाहेरची कड कापली, ओंजळभर, दोन ओंजळी. बोटांचा भाग राखून ठेवला. कापता कापता म्हणली, "आज तुम्ही आलात. आज पेटवली असती. पण पेटवली की गेली ना रं." तिनं ती माती आपल्या पदरात बांधून आप्पांच्या हातात दिली. येताना आम्ही चहा न पिताच निघालो. चहाचं नावच कुणी काढलं नाय.

आप्पांनी ती माती भिजत घातली, आईच्या जुन्या पातळातून गाळली, भुसा काढला. उरली किती तर एक लहानशी घागर होईल एवढीच. चाक लावलं नाय, हातानंच वळली, लाकडी चोपण्यानं हळूहळू थापली. सावलीत वाळवली. रोज उठून बघायचे, चीर गेली का. नाय गेली. फर्दापूरची काव लावली, राखेचं पाणी लावलं आणि आईच्या गारगोटीनं दिवसभर घासत बसले. लाल काचेसारखी झाली हो. मला त्यात माझं तोंड दिसलं.

आखितीच्या आदल्या दिवशी घरामागं गोवऱ्या रचल्या, मधे घागर ठेवली, वर पऱ्हाट्या. काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळाली. दुसरी ओढली, ती पण तशीच जळाली.

"आप्पा, लावा ना," मी म्हणलं. "उद्या पाणी भरायचंय."

"लावतो की."

तिसरी काडी त्यांनी ओढलीच नाय. पऱ्हाट्या बाजूला केल्या, घागर काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. "भाजली की संपलं दिपे. मग तिचं काहीच राहत नाय कुठं." मी म्हणलं कच्च्या घागरीत पाणी कसं राहील? ते म्हणले, "तू हनुमानला बोलू नको."

मी नाय बोलले.

आखितीला बानाआत्या सकाळच्या एसटीनं आली. आमरस, पुरणपोळ्या, पाव्हणे पेव्हर ब्लॉकवर सतरंजी टाकून बसलेले. हनुमाननं बाजारातून साच्यातला तोटीचा माठ आणला होता, म्हणला असू दे जोडीला. आप्पांनी तो बाजूला सरकवला. परातीत गहू पसरून त्यावर आपली घागर ठेवली आणि तांब्यानं पाणी ओतलं. अगदी हळू, धार न पाडता.

निखाऱ्यावर तूप-घास टाकून आगारीचा धूर झाला. आईचं नाव घेतलं. आत्यानं पाया पडताना घागरीला बोट लावलं आणि बोटाकडं बघितलं, लाल चिखल लागला होता.

"दादा," ती हळूच म्हणली, "कच्ची हाय ही."

"गप बस."

गारगोटीनं घासलेली होती म्हणून तेवढा वेळ टिकली. आम्ही सगळे हात जोडून होतो. आधी तिची चकाकी गेली. मग बुडाला घाम आल्यासारखं झालं. मग एक बाजू वाकली, म्हातारं माणूस बसताना वाकतं तशी, आणि आवाज न होता अख्खी घागर गव्हात बसली. पाणी लाल होऊन परातभर पसरलं.

हनुमान उभाच राहिला. "आप्पा, भाजली नाय? आईची पहिली आखिती आन्‌ तुम्ही... आई तहानलेली राहिली ना! पाणी कुठं मिळालं तिला?"

"तिच्यातच गेलं की पाणी," आप्पा म्हणले. "कुठं गेलंय दुसरीकडं?"

पाव्हणे एकमेकांकडं बघायला लागले. कुणीतरी म्हणलं, डोक्यावर परिणाम झालाय. आप्पांनी ऐकलं नसंल असं नाय. पण ते चिखल गोळा करत होते. एक एक गहू वेचून बाजूला काढत होते, परातीच्या काठाला लागलेलं बोटानं पुसून घेत होते. होतं नव्हतं तेवढं गोळा करून त्याचा गोळा केला. मऊ, ओला, परत माती झालेला. तो परातीत घेऊन उठले आणि जिथं खड्डा होता तिथपर्यंत चालत गेले, सवयीनं. भर दुपारचं ऊन, पेव्हर असे तापलेले की अनवाणी पाय ठेववत नव्हता.

तिथं जाऊन थांबले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळीकडं लाल-करडं, लाल-करडं. ऊन परातीत पडत होतं, गोळ्याची कड पांढरी पडायला लागली होती.

"दिपे," ते म्हणले, "हे कुठं ठेवू गं?"

हनुमान जाऊन त्यांच्या पायाशी बसला आणि दोन ब्लॉकच्या फटीत नखं घालून ओढायला लागला. पक्कं बसवलेलं होतं. हललं नाय. तो ओढत राहिला. आप्पा परातीवर आपली सावली धरून उभे होते.